कुणी उजेड दिला? : सामूहिक उत्सर्जनाच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

विषय आज ठरला. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी रफ कागदावर अगदी जवळजवळ दोन टिंबं काढली आणि विचारलं, "या दोन रेणूंपैकी एकच उत्तेजित आहे. कोणता, ते कुणालाच ठाऊक नाही. प्रकाश किती वेगानं बाहेर पडेल?" मी म्हटलं, एकट्या रेणूच्या वेगानंच, उत्तेजन तर एकच आहे. त्या म्हणाल्या, "रॉबर्ट डिकी यांनी १९५४ मध्ये नेमकं हेच उत्तर खोडलं. पेपर वाच, मग ये."

वाचला. मुद्दा असा की प्रत्येक रेणू आपापला प्रकाश टाकतो असं आपण सवयीनं धरून चालतो, पण सगळे रेणू एकाच प्रकाशक्षेत्रात उभे असतात. रेणूंमधलं अंतर एखाद्या नॅनोमीटरचं आणि प्रकाशाची तरंगलांबी पाचशे-सहाशे नॅनोमीटरची, तर त्या प्रकाशाला दोन रेणू वेगळे दिसणारच नाहीत. मग दोन्ही शक्यतांचे आयाम (ज्यांचा वर्ग केला की संभाव्यता मिळते ते आकडे) आधी एकत्र होतात आणि वर्ग नंतर होतो. 'हा किंवा तो' यांत अधिक चिन्ह असेल तर उत्सर्जनाचा दर दुप्पट, उणे चिन्ह असेल तर शून्य. पहिली उजळ अवस्था, दुसरी अंधारी.

आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. खरे रेणू मोकळ्या अवकाशात नसतात. त्यांना स्वतःची कंपनं असतात, भोवती द्रावक किंवा प्रथिन असतं, आणि सेंद्रिय रंगद्रव्यांत ही जोडणी जबरदस्त असते. भोवताल इतका घट्ट धरून असताना रेणूंचं एकत्र उजळणं टिकतं का?

मॅडमनी मुदत दिली आहे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याची.

९ फेब्रुवारी

पायथन आणि त्यावर चालणारं क्वांटम गणनेचं क्यूटिप हे पॅकेज बसवलं. कंपनं न घेता आधी डिकींची शिडी (सगळे उत्तेजित ते सगळे शांत, एकेक फोटॉन सोडत उतरण्याच्या पायऱ्या) तपासली. दहा रेणू, सगळे उत्तेजित. सुरुवातीचा दर १० गॅमा (गॅमा म्हणजे एकट्या रेणूचा दर). शिडीच्या मध्यावर, म्हणजे पाच वर पाच खाली असताना, दर ३० गॅमा. शंभर रेणू घेतले तर मध्यावर २५५०. म्हणजे शिखर संख्येच्या वर्गाच्या मापानं चढतं आणि सगळा प्रकाश साधारण संख्येच्या प्रमाणात कमी वेळात उरकतो.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. सुरुवातीला रेणूंमध्ये काहीच नातं नसतं; सगळे उत्तेजित, प्रत्येक आपापल्या जागी. पहिला फोटॉन सुटतो. तो कुणी सोडला हे कळायला मार्ग नसतो. आणि कळत नाही, म्हणूनच उरलेले सगळे एका सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे सगळ्या शक्यता एकदम धरणाऱ्या अवस्थेत, बांधले जातात. त्यांना कुणी आणून जोडत नाही, त्या न कळण्यानंच जोडलं जातं. प्रत्यक्षात हा झोत पहिल्यांदा दिसला तो १९७३ मध्ये, एमआयटीत, हायड्रोजन फ्लुओराइड वायूत. पेपरनंतर एकोणीस वर्षांनी.

रात्री दीड वाजता आत्या उठून आली. "काय करून राहिली पोरी एवढ्या रात्री?" म्हटलं, आत्या, उजेड मोजून राहिली. ती दिवा मालवून गेली.

१७ फेब्रुवारी

कंपनं घातली. रेणू उत्तेजित झाला की त्याच्या बंधांची समतोलाची जागा सरकते, जणू झोपाळ्याचा खांबच कुणी बाजूला नेला. ही सरक किती, ते सांगणारा आकडा म्हणजे हुआंग-ऱ्हीस गुणांक. कुन हुआंग आणि अ‍ॅव्हरिल ऱ्हीस यांनी तो १९५० मध्ये मांडला. साध्या भाषेत, रेणू एकदम उत्तेजित झाला तर सरासरी किती कंपन-क्वांटा (कंपनाच्या ऊर्जेचे अविभाज्य तुकडे) जागे होतात, तो आकडा. सेंद्रिय रंगद्रव्यांत कार्बन-कार्बन बंधाचं कंपन साधारण १४०० प्रति सेंटिमीटरला (वर्णपटात ऊर्जा मोजायचं माप) असतं, गुणांक ०.६ धरला.

दोन रेणू, प्रत्येकी आठ कंपन-पातळ्या, उजळ अवस्था. उत्तर आलं २.०००. गुणांक ०.१ केला, २.०००. १ केला, २.०००. ३ केला, तरी २.०००.

मी जागेवरून उठलेच. सामूहिक उत्सर्जनाला कंपनांचा धक्काच लागत नाही! वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि मॅडमना मेसेज टाकला.

१९ फेब्रुवारी

मॅडमनी निकालाकडे पाहिलंच नाही. एकच प्रश्न विचारला, "दोन रेणू, मग कंपनं किती?" मी म्हटलं, दोन. "प्रोग्रॅममध्ये दाखव."

एकच होतं. कंपनाचा ऑपरेटर मी लूपच्या बाहेर तयार केला होता आणि लूपमध्ये तोच दोन्ही रेणूंना लावला होता. माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन रेणू एकाच झोपाळ्यावर बसले होते.

वाईट वाटलं, पण घरी येता येता विचार सुरू झाला तो थांबेना. चूक प्रोग्रॅमची, पण उत्तर खोटं नव्हतं. सामायिक कंपनासाठी ते बरोबरच होतं. गुणांक ३ म्हणजे भयंकर घट्ट जोडणी, आणि तरीही २.०००. मग भोवतालाशी जोडणी घट्ट असली की सामूहिकपणा मोडतो, हे मी आजवर धरून चालले होते ते कशावरून?

आम्ही राहतो तो नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा आहे. मधे एक चौक, भोवती सहा बिऱ्हाडं. चौकातला दिवा गेला तर सहाही घरांना एकदमच कळतं, त्यावरून कुणाच्या घरात काय चाललंय ते समजत नाही. पण एखाद्याच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला की लगेच कळतं, आज कुणाकडे काय आहे. प्रकाशक्षेत्र हा चौक. प्रत्येक रेणूचं स्वतःचं कंपन ही त्याची खोली. माझ्या चुकीच्या प्रोग्रॅममध्ये कंपनसुद्धा चौकात आलं होतं.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. रमण विज्ञान केंद्रात शाळेच्या मुलांची इतकी गर्दी की आत शिरायला अर्धा तास लागला. मैत्रिणीच्या भाचीला घेऊन गेले होते. तिनं विचारलं, रमण नागपूरचे होते का? नव्हते. पण १९१० मध्ये ते वित्त खात्याच्या नोकरीत असताना इथे बदलून आले होते, रंगूनहून. आणि पुढच्या वर्षी कलकत्त्याला गेले. वय बावीसच्या आसपास, माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान. दिवसा हिशेबाचे कागद, आणि मन ध्वनीच्या, तंतुवाद्यांच्या कंपनांत. ती बदली मला आज एकदम जवळची वाटली.

कारण रमण परिणाम म्हणजे माझ्या प्रकल्पाचा गाभाच आहे. रेणूवरून विखुरलेला प्रकाश थोडी ऊर्जा रेणूत ठेवून येतो आणि तेवढंच कंपन तिथे जागं राहतं. प्रकाश रंग बदलून बाहेर पडतो आणि जिथे आदळला तिथे खूण ठेवतो. २८ फेब्रुवारी १९२८ ला जे दिसलं ते हेच. आमच्या रेणूंतही फोटॉन सोडताना तेच होतं. कधी फोटॉन सगळी ऊर्जा घेऊन जातो आणि मागे काहीच उरत नाही, तर कधी एक क्वांटम मागे राहतो, कुठल्या तरी एकाच रेणूत. मग कुणी उजेड दिला, हे त्या रेणूकडे बघून कळू शकतं. कुणी बघो न बघो, कळण्याची सोय झाली एवढं पुरतं; आयामांची बेरीज तिथेच थांबते.

हे मला केंद्राच्या पायऱ्यांवर बसून सुचलं. भाचीला आइस्क्रीम हवं होतं, तिनं ते घेईपर्यंत मी तिकिटाच्या मागे आकडेमोड केली. दोन रेणू, उजळ अवस्था, स्वतंत्र कंपनं, तापमान शून्य केल्विन: दर = १ + ई चा उणे ०.६ घात = १.५४९ गॅमा. घरी जाऊन पडताळायचं.

६ मार्च

ऑपरेटर लूपच्या आत घेतला. उत्तर १.५४९. पायऱ्यांवरचं गणित जुळलं.

वर्णपटही काढला. पहिलं शिखर, मागे काहीही न ठेवणारं, दुप्पट झालं आहे. दुसरं शिखर, एक क्वांटम ठेवून जाणारं, जसंच्या तसं आहे. एकट्या रेणूत पहिल्या-दुसऱ्याचं गुणोत्तर १.६७ होतं, जोडीत ३.३३. चार रेणूंना ६.६७ यायला हवं. म्हणजे या दोन शिखरांच्या गुणोत्तरावरून किती रेणू एका सुरात आहेत ते मोजता येतं, आणि त्यासाठी पिकोसेकंदाचं घड्याळ लागत नाही, साधा वर्णपट पुरतो. फ्रँक स्पॅनो यांच्या गटानं हे नियमाच्या रूपात मांडलं आहे. मी तो नियम वाचला होता, पण "दुसरं शिखर का वाढत नाही" हे मला आत्ता, आकडा हातात आल्यावर, खरं समजलं.

१० मार्च

अंधारी अवस्था. कंपनं नसताना दर शून्य. कंपनांसह ०.४५१. उजळ १.५४९ आणि अंधारी ०.४५१, बेरीज बरोबर २. प्रोग्रॅम नीट आहे याची यापेक्षा चांगली खूण मला नको.

मॅडमनी वाचून दाखवायला लावलं. उजळ अवस्थेचा तोटा तोच अंधारी अवस्थेचा नफा. ज्या खुणेमुळे एकत्र उजळणं कमी होतं, त्याच खुणेमुळे एकत्र विझणंही कमी होतं. अंधाऱ्या अवस्थेचं पहिलं शिखर गायब, दुसरं मात्र शाबूत. रेणू समोरासमोर रचलेले असले की सर्वांत खालची अवस्था हीच अंधारी असते आणि तरीही अशी रचना थोडीफार चमकते, ती या वाटेनं.

१३ मार्च

वेळेनुसार काय होतं ते पाहिलं. हा प्रकल्पातला सगळ्यात सुंदर आलेख आहे.

लखलखाट करून रेणूंची जोडी एका क्षणात उत्तेजित केली असं धरलं. त्या क्षणी कंपनं अजून हललेली नाहीत, म्हणून दर २.०००. मग उत्तेजित रेणूचं कंपन नव्या समतोलाभोवती झुलायला लागतं, खूण गडद होत जाते आणि अर्ध्या झोक्याला दर १.०९१ पर्यंत येतो. जवळजवळ एकट्याचा वेग. आणि पूर्ण झोका झाला की कंपन मूळ जागी परत येतं, खूण पुसली जाते, दर पुन्हा २.०००. एक झोका २३.८ फेम्टोसेकंदांचा.

मग तुलनेसाठी पाठ्यपुस्तकातली नेहमीची पद्धत लावली. भोवताल कमकुवत आहे, त्याला स्मृती नाही, आणि तो फक्त कला (लहरींची एकमेकींशी असलेली जुळणी) विस्कटतो असं धरून. दर २ वरून हळूहळू १ वर आला आणि तिथेच राहिला. दुसरं शिखर नाही, झोका नाही, परत येणं नाही. या दोन आलेखांत जो फरक आहे तोच घट्ट जोडणीचा अर्थ आहे. विसरणारा भोवताल घेतलेली माहिती कायमची घेऊन जातो. घट्ट जोडलेला भोवताल ती काही काळ जवळ ठेवतो आणि परतही देऊ शकतो. म्हणून त्याला गणितात बाहेरचा म्हणून चालत नाही, रेणूबरोबरच मोजावा लागतो. तानिमुरा आणि कुबो यांनी १९८९ मध्ये त्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची समीकरणं दिली. ती शिकायला घेतली आहेत. तूर्त ठरावीक कंपनं हाताने घालूनच काम चालू आहे.

प्रत्यक्षात कंपनांचा झोका द्रावकाशी घासत थांबतो आणि दर १.५४९ वर स्थिरावतो. उत्सर्जनाला नॅनोसेकंद लागतात. एका नॅनोसेकंदात बेचाळीस हजार झोके बसतात. प्रकाश बाहेर पडेपर्यंत हे सगळं नाट्य कधीच संपलेलं असतं. तरी मी तो आलेख अहवालात घालणार. उत्तर कसं घडतं ते तिथे दिसतं.

२२ मार्च

चार रेणूंवर अडले. प्रत्येकी सोळा अवस्था, चौघांच्या मिळून ६५,५३६. त्यांची डेन्सिटी मॅट्रिक्स (अवस्थांच्या सगळ्या जोड्यांचा तक्ता) साठवायला जवळपास ६९ जीबी. लॅपटॉपची मेमरी ८. मॅडम म्हणाल्या, एकच उत्तेजन घेतेस तर बाकीच्या अवस्था वाहून कशाला नेतेस? एक-उत्तेजन विभागात १६,३८४ आणि मूळ अवस्थेच्या ४,०९६. मॅट्रिक्सऐवजी तरंगफल घेऊन क्वांटम उड्यांची पद्धत वापरली, म्हणजे उत्सर्जनाचा क्षण यादृच्छिक निवडत तीच गणना अनेकदा चालवायची आणि सरासरी घ्यायची. रात्रभर चाललं, सकाळी शिखरांचं गुणोत्तर ६.६४. अपेक्षा ६.६७ होती, आठ पातळ्यांवर कापल्यामुळे आणि उड्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे एवढा फरक येणारच.

३० मार्च

पाडवा. काम नाही. आत्यानं श्रीखंड केलं.

संध्याकाळी मामाजींच्या मंडळाचं खंजिरी भजन होतं. तुकडोजी महाराजांची पदं, पंधरा-वीस माणसं, आणि शेवटी सामुदायिक प्रार्थना. आमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्यांनी विदर्भातल्या गावागावांत ही एकत्र प्रार्थना रुजवली. लहानपणापासून ऐकते आहे, पण आज वेगळ्या कानांनी ऐकली. मामाजी खंजिरी वाजवतात. मी विचारलं, एवढ्या आवाजात तुमची खंजिरी तुम्हाला वेगळी ऐकू येते का? म्हणाले, "ज्या दिवशी वेगळी ऐकू येते न, त्या दिवशी भजन जमलं नाही असं समज."

८ एप्रिल

तापमान. आतापर्यंत सगळं शून्याला होतं, आणि बाहेर रस्त्यावर डांबर मऊ पडायला लागलं आहे.

१४०० चं कंपन एवढं कडक आहे की त्याला नागपूरचा उन्हाळाही हलवत नाही. ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ३१८ केल्विन. त्या उष्णतेची ऊर्जा या मापात २२१ प्रति सेंटिमीटर, आणि १४०० च्या कंपनात सरासरी क्वांटा फक्त ०.००१८. पण रेणूंना मंद कंपनंही असतात: कड्या वळणं, सांगाडा डुलणं, शेजाऱ्याला ढकलणं. म्हणून १५० प्रति सेंटिमीटरचं एक कंपन जोडलं, गुणांक ०.५. त्यात ३१८ केल्विनला सरासरी १.०३ क्वांटा आधीच जागे असतात. आधीच डुलणाऱ्या झोपाळ्याला छोटीशी सरकही मोठी खूण ठरते. शून्य तापमानाचा ०.५ इथे १.५३ सारखा वागतो.

दहा रेणूंच्या साखळीसाठी उत्तरं: ४ केल्विनला ४.००, द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला ३.८१, आणि ४५ अंश सेल्सिअसला २.०७. आदर्श आकडा होता १०. म्हणजे थंडीतही निम्म्याहून जास्त जातं, ते दोन्ही कंपनं मिळून नेतात, त्यातलं जास्त कडक कंपन, आणि ते कितीही थंड केलं तरी परत मिळत नाही. उरलेल्यातलं निम्मं उन्हाळा नेतो.

७७ आणि ४ यांत जवळपास फरक नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. द्रव हेलियम नसेल तर हे प्रयोग करूच नयेत, असं नाही. द्रव नायट्रोजनवर भागतं.

१६ एप्रिल

आज हाताने काहीतरी केलं. विभागाच्या कपाटात स्यूडोआयसोसायनिन या रंगद्रव्याची लहानशी बाटली होती. १९३६ मध्ये जेली आणि शायबे यांनी, एकमेकांना न विचारता, याच रंगद्रव्यात एक विचित्र गोष्ट पाहिली. घट्ट द्रावणात रेणू एकामागे एक रचले जातात आणि पसरट शोषणाच्या जागी लालच्या बाजूला एक अगदी अरुंद रेष उगवते. जेली कोडॅकमध्ये होते. त्यांच्या आद्याक्षरावरून या रचनांना जे-ॲग्रिगेट म्हणतात.

खाऱ्या पाण्यात द्रावण केलं. क्युव्हेट (द्रावणाची पारदर्शक चौकोनी नळी) बर्फाच्या पाण्यात ठेवून वर्णपट घेतला. ५७२ नॅनोमीटरच्या आसपास रेष, सुईसारखी. स्क्रीनवर ती उभी राहिली तेव्हा मी आणि लॅब असिस्टंट काका दोघंही काही बोललो नाही. मग गरम पाण्यात ठेवलं, रेष खाली बसत गेली आणि ५२५ जवळचा सुट्या रेणूंचा पसरट डोंगर वर आला. पुन्हा बर्फ, पुन्हा रेष. तीनदा करून पाहिलं.

रेष अरुंद का, हेही आमच्याच गोष्टीचा भाग आहे. प्रत्येक रेणूची ऊर्जा भोवतालामुळे थोडी वेगळी असते. उत्तेजन बऱ्याच रेणूंवर एकदम पसरलं की हे चढउतार सरासरीत बुजतात, रेणूसंख्येच्या वर्गमुळाच्या मापानं.

पण एक काळजी घ्यायला हवी. तापवल्यावर रेष गेली ती रेणू एकमेकांपासून सुटल्यामुळे. माझ्या गणितात रेणू जागेवरच असतात आणि फक्त खुणा गडद होतात. दोन्ही गोष्टी तापमानानं होतात आणि दिसायला सारख्या वाटतात, म्हणून या प्रयोगाला मी माझ्या ८ एप्रिलच्या आकड्यांचा पुरावा म्हणणार नाही. त्यासाठी गोठवलेलं द्रावण आणि प्रतिदीप्तीचा, म्हणजे रेणूंनी सोडलेल्या प्रकाशाचा, वर्णपट हवा. अहवालात तसंच लिहिलं.

२५ एप्रिल

रेणूंमधली थेट जोडणी. आतापर्यंत उत्तेजन एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारत नव्हतं. ती उडी घातली आणि हळूहळू वाढवत नेली. दर १.५४९ पासून वर चढत २ च्या जवळ गेला.

कारण सरळ आहे. उडी इतकी जलद झाली की कंपनाला कुठल्याही एका रेणूवर सरकायला वेळच मिळत नाही. सरक दोघांत वाटली जाते. अनेक रेणूंत वाटली गेली तर सगळ्यांचा मिळून गुणांकही मूळ गुणांक भागिले रेणूसंख्या एवढाच उरतो. कुणाकडेच ओळखण्याजोगी खूण उरत नाही. उलट बाजूनं, कंपन घट्ट असेल तर उडीच जड होते. रेणूला आपलं कंपनाचं ओझं सोबत न्यावं लागतं आणि तिचा जोर ०.५४९ पट होतो. दोघांची रस्सीखेच आहे, आणि खरी रंगद्रव्यं बहुतेक वेळा मधेच कुठेतरी असतात. तिथे सोपं सूत्र नाही, संगणकच लागतो.

दुपारी तीन ते साडेपाच वीज नव्हती. चालू गणना गेली. आता दर वीस मिनिटांनी फाइल जतन होईल असं केलं आहे.

३० एप्रिल

निसर्गातलं उदाहरण मॅडमनी शोधायला सांगितलं होतं. जांभळ्या प्रकाशसंश्लेषी जिवाणूंत एलएच-२ नावाचं प्रथिन आहे, त्यात अठरा बॅक्टेरिओक्लोरोफिल रेणूंचं एक कडं. मोजलेली उत्सर्जनाची वाढ २.८ पट, साध्या खोलीच्या तापमानाला. १९९७ चं मोजमाप. अठरा रेणू इतक्या सुबक कड्यात बसलेले, आणि सुरात जेमतेम तीन.

वर्गात हे सांगितलं तर एक जण म्हणाला, मग फायदा काय? फायदा असा की झाडाला किंवा जिवाणूला प्रकाश परत टाकायचा नसतोच. त्याला उत्तेजन प्रतिक्रिया-केंद्रापर्यंत, म्हणजे जिथे प्रकाशाची ऊर्जा रासायनिक कामाला लागते तिथवर, न्यायचं असतं. जे शोषून घेताना एकत्र असतं आणि नंतर पटकन स्थिरावतं, ते त्याच्या कामाचं. लेझर किंवा डिस्प्ले बनवणाऱ्याला याच्या नेमकं उलट हवं.

५ मे

आज १९ फेब्रुवारीची चूक परत प्रोग्रॅममध्ये घातली, मुद्दाम. पण या वेळी तिला एक आकडा दिला. दोन रेणूंचा भोवताल किती सामायिक आहे, त्याचं माप: १ म्हणजे पूर्ण एकच कंपन, ० म्हणजे पूर्ण वेगळी कंपनं. मधलं काहीही चालतं. गुणांक दोन्ही रेणूंना सगळीकडे ०.६ च, म्हणजे जोडणीचा घट्टपणा जराही बदलत नाही.

सामायिकपणा १ : दर २.०००. अर्धा : १.७४१. शून्य : १.५४९. मग उणे करून पाहिलं, म्हणजे एक रेणू उत्तेजित झाला की कंपन उजवीकडे सरकतं आणि दुसरा झाला की तेच कंपन डावीकडे. उणे १ ला दर १.३०१.

हे शेवटचं मला अपेक्षित नव्हतं. कंपन एकच आहे, सामायिक आहे, तरी स्वतंत्र कंपनांपेक्षाही वाईट. थोडा वेळ कागदावर बसले तेव्हा उलगडलं. ते एकच कंपन आता दिशा दाखवतं. उजवीकडे सरकलं तर हा, डावीकडे तर तो. दोन वेगळ्या साक्षीदारांपेक्षा हा एकच साक्षीदार जास्त नेमकं सांगतो.

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "हा आलेख पहिल्या पानावर घे. बाकी सगळं त्याच्या मागे."

११ मे

अहवाल छापला, सीताबर्डीतून बाइंडिंग करून आणला. बासष्ट पानं. पहिल्या पानावर ५ मेचा आलेख आहे, आणि त्याच्या खाली एक ओळ: दर ठरतो तो भोवताल रेणूला किती घट्ट धरतो यावर नाही, तर कुणी उजेड दिला हे भोवतालाला किती ओळखता येतं यावर.

१२ तारखेला तोंडी परीक्षा. त्याआधी सहा रेणूंचं कडं लावून पाहायचं आहे, ज्यात प्रत्येक मंद कंपन फक्त दोन शेजाऱ्यांत सामायिक आहे. एलएच-२ मधल्या प्रथिनाच्या घड्या तसंच काहीतरी करत असतील असं माझ्या मनात आहे. कंपन-पातळ्या चारवर आणल्या तर आठ जीबीत बसतं. रात्री साडेदहाला गणना सुरू केली. कूलरमध्ये पाणी भरून लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला आहे. आत्या म्हणाली, "पोरीपेक्षा त्या डब्ब्यालेच हवा जास्त." पहिली जतन केलेली फाइल १०.५० ला आली. दर अजून स्थिरावलेला नाही.